पद्मिनीवहिनींची वाढीव वॉरंटी

गाडीची वॉरंटी वाढवून घ्यावी की नाही, एवढ्याशा प्रश्नावर कुणी महिनाभर झोपेचं खोबरं करून घेईल, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्या पद्मिनीवहिनींनी ते करून दाखवलं, आणि जाता जाता माझ्याही डोक्याचा भुगा केला.

पद्मिनी जयसिंग पिसाळ. विकास नगरात माझ्या समोरच्या घरात राहतात. मूळच्या कोरेगावकडच्या. जयसिंगराव फौजेत सुभेदार मेजर होते. शेवटची बदली लखनऊ छावणीत झाली, मुलाची बारावी तोंडावर होती, म्हणून निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं आणि मग इथलेच झाले. मी नागपूरची. इथल्या एका संशोधन संस्थेत झाडांची पानं सूक्ष्मदर्शकाखाली बघत आयुष्य काढलं आणि आता घरी बसले आहे. आमच्या गल्लीत मराठी बोलायला आम्हा दोघींखेरीज कुणी नाही, त्यामुळे आमची मैत्री सुरुवातीला थोडी नाइलाजाचीच होती. स्वभाव तर एकही जुळत नाही. त्या पहाटे उठून अंगण धुणार, मी नऊ वाजता चहा शोधणार. पण आज त्या दोन दिवस दिसल्या नाहीत तर मला चैन पडत नाही, हे सरळ सांगून टाकते.

जयसिंगराव असेपर्यंत त्यांच्या घरी गाडी नव्हती. ते गेल्यावर वर्षभराने, साठी उलटलेल्या या बाईने स्वतःच्या मनाने एक लहानशी पांढरी गाडी घेतली आणि छावणीच्या शांत रस्त्यांवर शिकायला सुरुवात केली. पुण्यातून मुलगा विश्वजित फोनवर ओरडत होता, "मम्मी, इस उमर में?" साताऱ्याकडचा मुलगा, राहतो पुण्यात, आणि आईशी बोलतो हिंदीत. सगळं शिक्षण फौजी पोरांसोबत केंद्रीय विद्यालयांत झालं, त्याला तो तरी काय करणार. मराठी सगळी कळते, पण तोंडातून बाहेर पडत नाही.

वहिनी गाडी चालवायला लागल्या म्हणजे काय, लखनऊच्या वाहतुकीला वळण लावायला लागल्या. हॉर्न वाजवणार नाहीत. उलट्या बाजूने येणाऱ्या ई-रिक्षावाल्यासमोर गाडी थांबवून काच खाली करणार आणि म्हणणार, "बेटा, हे बरोबर है क्या?" तो बिचारा ओशाळून रिक्षा मागे घेतो. मी शेजारी बसून डोळे मिटून घेते.

पण ही गाडी त्यांनी मिरवायला घेतली नव्हती. छावणीत आजही मराठी जवान येतात, त्यांच्या बायका येतात. सांगली, बीड, कोल्हापूरकडच्या विशीतल्या पोरी. नवरा सीमेवर किंवा कोर्सला, आणि ही इथे क्वार्टरमध्ये एकटी. हिंदी सिनेमातलं कळतं, पण डॉक्टरांनी विचारलं की कुठे दुखतंय, कसं दुखतंय, की गप्प. ठणकतंय आणि जळजळतंय यातला फरक हिंदीत कसा सांगायचा? मग वहिनींना फोन जातो. वहिनी गाडी काढतात, पोरीला मिलिटरी हॉस्पिटलात नेतात, डॉक्टरांसमोर शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि सगळं नीट सांगतात. कुणी हे काम त्यांना दिलेलं नाही. सध्या रुचा नावाची एक पोर सातव्या महिन्यात आहे, तिच्या तपासण्या वहिनींशिवाय होत नाहीत. माहेरची आई येईपर्यंत वहिनीच तिची आई.

आता वॉरंटीचं. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नोव्हेंबरात संपणार होती. त्याच्या आत पैसे भरले तर ती वाढवून मिळते. एका वर्षाने, दोन वर्षांनी, किंवा सगळ्यात मोठी घेतली तर गाडीला सात वर्षं होईपर्यंत. सर्व्हिस सेंटरचा आशिष नावाचा मुलगा दर आठवड्याला फोन करायचा. अगदी अदबीने, त्रास देतोय म्हणून माफी मागितल्यासारखा. "आंटीजी, ज़हमत तो दे रहा हूँ, बस याद दिलानी थी." वहिनी त्याला म्हणायच्या, "सोचती हूँ बेटा." आणि मग संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायच्या.

माझं मत मी पहिल्याच दिवशी दिलं होतं. वॉरंटी म्हणजे भीतीचा व्यापार. गाडी कमी चालते, एकदाच काय ती बिघडली होती, पुन्हा बिघडायला तिला झालंय काय? त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या, "मग ताई, घेऊ का नको?" एकदा मी चिडले. म्हटलं, "वहिनी, घ्या एकदाची! पण माझा जीव खाऊ नका." त्या उठून गेल्या. मला वाईट वाटलं, पण मी काही हाक मारली नाही. माझा स्वभावच असा.

विश्वजितचं मत वेगळंच होतं, आणि त्याला कारणही होतं. जानेवारीत, दाट धुक्याच्या एका संध्याकाळी, छावणीतून परतताना वहिनींची गाडी निशातगंजच्या पुलाजवळ बंद पडली. कुठला तरी विजेचा भाग गेला होता. त्यांनी विश्वजितला फोन केला, "गाडी बंद पडलीय, निशातगंजच्या पुलापाशी आहे," एवढं सांगितलं आणि फोनची बॅटरी संपली. तो तिकडे पुण्यात. फोन लावतोय, लागत नाही. लावतोय, लागत नाही. शेवटी त्याने मला फोन केला. त्याचा आवाज ऐकून मी तशीच घराबाहेर पडले. मी रिक्षा करून, धुक्यात रिक्षावाल्याला शिव्या घालत पोचले, तर वहिनी गाडीत बसून शेंगदाण्याची चिक्की खात होत्या आणि खिडकीबाहेरच्या ट्रॅफिक पोलिसालाही देत होत्या. त्यांना काहीच झालं नव्हतं. गाडीही वॉरंटीत दुरुस्त होऊन आली. पण पुण्यातला मुलगा त्या संध्याकाळी जो घाबरला, तो घाबरलेलाच राहिला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, मम्मी, घर भाड्याने दे, गाडी विक आणि पुण्याला ये. त्याच्या फ्लॅटमध्ये तिसरी खोली आहे. सून हिमानी चांगली आहे, मी भेटले आहे तिला. म्हणजे तक्रार करायलाही कुठे जागा नाही.

मी चिडल्यानंतर चार दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या, पिशवीभर मटार घेऊन. सोलायला बसल्या. मीही बसले. निम्मी पिशवी सोलून झाली. मग त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला वाटत असेल ही बाई पागल झालीय. पण आमच्यात ना, तीन वर्षांच्या पुढचं काही घेतच नव्हते."

"म्हणजे?"

"बदली यायची की हो. दोन वर्षं, फार तर तीन. क्वार्टर सोडताना मार्चिंग आउट असतं. माणूस येतो, नळ बघतो, दिवे बघतो, भिंतीला खिळ्याचं भोक दिसलं तर त्याचे पैसे कापतो. म्हणून आम्ही खिळाच ठोकत नव्हतो. एवढ्या गावांत राहिले मी. अंबाला, जोधपूर, तेजपूर. एकाही ठिकाणी लिंबाचं झाड लावलं नाही. धनिया लावायची, मेथी लावायची. लिंबू धरायला तीन-चार वर्षं लागतात, तुम्हीच सांगा, तुमचा तर तोच अभ्यास आहे."

लागतात. मी मान हलवली. त्यांच्या घरात भिंतीवर आजही काही टांगलेलं नाही. जयसिंगरावांचा फोटोसुद्धा कपाटावर टेकवून ठेवलेला आहे. मला वाटायचं, असेल एकेकाची आवड.

"आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वरून सांगायचं," त्या म्हणाल्या, "अमुक तारखेला निघा. मी कधी म्हणाले नाही की मला जायचंय, कधी म्हणाले नाही की राहायचंय. विचारलंच नाही कुणी. आता विश्वजित म्हणतो, ये. मी हो पण म्हटलं नाही, ना पण म्हटलं नाही. वर्ष होत आलं, नुसती टोलवतेय त्याला. आता हा आशिष विचारतो, आंटीजी, पुढच्या किती वर्षांची करू? काय सांगू मी त्याला? वॉरंटी घेतली म्हणजे मी इथेच राहणार, असं झालं ना? मग पोराला काय तोंड दाखवू?"

"आणि तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मला इथे राहायचंय, ताई," त्या म्हणाल्या, आणि चोरी पकडल्यासारख्या माझ्याकडे बघायला लागल्या.

महिनाभर मी या बाईला गाडीचं सांगत होते. मला स्वतःचाच राग आला, आणि खरं सांगते, आनंदही झाला. त्या गेल्या तर मी भांडणार कुणाशी? पण हे बोलून दाखवलं असतं तर त्या माझ्यासाठी राहिल्या असत्या, आणि मला ते नको होतं. मी म्हटलं, "मग हे त्याला सांगा. मला नको, आशिषला नको. विश्वजितला."

"तो रडेल."

"रडू दे."

सांगतील तर त्या वहिनी कसल्या! त्यांनी पुन्हा टोलवाटोलवी केली ती थेट शेवटच्या दिवसापर्यंत. त्या दिवशी दुपारी मला म्हणाल्या, चला. सर्व्हिस सेंटरात आशिषने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला मुलगा. "तो आंटीजी, एक साल, दो साल, या पूरे सात साल तक वाली?" वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी विश्वजितला फोन लावला. त्या नेहमी स्पीकर सुरू करूनच बोलतात, समोर कोण बसलंय याचा विचार करत नाहीत.

"मम्मी, एक साल की ले लो," विश्वजित लगेच म्हणाला. "बेचते टाइम अच्छा रहेगा. वॉरंटी नए मालिक के नाम हो जाती है."

"कोण नवा मालक?"

"अरे, जो भी खरीदेगा."

वहिनींनी फोन टेबलावर ठेवला. त्यांनी पदर नीट केला, खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "विश्वजित, मी पुण्याला राहायला येत नाही. गणपतीला येईन, दिवाळीला येईन. तुला नुसता ताप आला तरी मिळेल त्या गाडीने निघेन. पण माझं घर इथं आहे. गाडी विकायची नाही."

 आशिषने उगाचच कीबोर्ड पुसायला घेतला.

"मम्मी, उस दिन कोहरे में..." विश्वजितचा आवाज फाटला. "मैं यहाँ बैठा था. फोन पे फोन, फोन पे फोन. कुछ हो जाता तो मैं क्या करता?" आणि मग त्याच्या तोंडून, मी एवढ्या वर्षांत कधी ऐकली नव्हती ती मराठी बाहेर आली. "मला भीती वाटते गं."

मला वाटलं, संपलं. आता या विरघळणार आणि डिसेंबरात पेट्या भरणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलंच होतं.

"वाटणारच, बाळा," वहिनी म्हणाल्या. "तुझे पप्पा सीमेवर होते तेव्हा मला रोज वाटायची. तू मांडीवर असायचास, रेडिओवर बातम्या लागल्या की मी आधी तो बंद करायची. पण मी कधी त्यांना म्हटलं का, नोकरी सोडा आणि माझ्याजवळ येऊन बसा? त्यांचं काम होतं तिथं. माझं इथं आहे. तू घाबर, रोज फोन कर, मी रोज उचलीन. पण मला बोलावू नकोस."

एवढं सलग वहिनी मुलाशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला. बाहेर कुठेतरी गाडी धुण्याचा पाइप सुरू होता, तो बंद झाला. मग विश्वजित म्हणाला, "आशिषजी हैं वहाँ?"

"जी सर, बोल रहा हूँ."

"सबसे लंबी वाली कौन सी है आपके पास?"

"सात साल तक की है सर, गाड़ी के सात साल होने तक."

"वही कर दीजिए," विश्वजित म्हणाला. "मम्मी वहीं रहेंगी."

आशिष मान खाली घालून टाइप करायला लागला. मला वाटलं होतं वहिनी हसतील. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळ्या सर्व्हिस सेंटरसमोर, हुंदके देऊन रडायला लागल्या, आणि मी त्यांना एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.