एकोडीच्या वाटेवर जिराफाएवढा उडता सरडा

विमलमावशीचा फोन आला, "आमच्या गावात जिराफाएवढा उडता सरडा आला हाय. उद्घाटनाले ये." नागपुरात रविवारी मॉलशिवाय जायला जागा नसते. निघाले.

साकोलीची सकाळची एसटी पकडा. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात. साकोलीहून एकोडीच्या रस्त्याला ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय हलत नाही; तोवर चहा घ्या. त्या दिवशी उद्घाटनाला पुढारी येणार म्हणून खड्ड्यांत ताजा मुरूम पडला होता. जायचंच तर कशाच्या तरी उद्घाटनाला जा.

मावशी गावची सरपंच. तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या बागेत तिनं फायबरचा टेरोसॉर उभा केला होता. डायनोसॉरच्या काळातला, पण डायनोसॉर नव्हे. पंख मिटून चार पायांवर उभा, चोच माणसाहून लांब. खाली उभी राहिले तर खरंच भीती वाटली. प्रवेश फुकट. आता मावशीला बागेत दिवे हवे होते आणि ते पुढाऱ्यांच्या हातात होते.

मावशीकडे सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात आणि तलावातली मासोळी होती. पुन्हा वाढून घेत पुढारी म्हणाले, "सरपंचबाई, फलकावर लिहा, हा प्राणी आपल्याच जिल्ह्यात जन्मला."

"नाही ना जी. याची हाडं अमेरिकेत सापडली."

"कोन पाहाले जाते तिथं? भंडारा जिल्हा तुटला, गोंदियावाले अर्धं घेऊन गेले. उद्या याच्यावरही हक्क सांगतीन. अन् दिव्यांचं मी पाहतो ना!"

मावशीनं आपलं ताट बाजूला सरकवलं. "मी खोटं नाही लिवत. पोरं वाचतेत ते."

पुढारी हात धुवायला उठले. मला दिवे गेल्यासारखेच वाटले.

सभेत मावशीनं माइक मुठीत घट्ट धरला. ती स्पष्ट बोलली, "हा परदेशातला हाय. आपल्या तलावावर कधीच आला नाही."

सगळे पुढाऱ्यांकडे बघू लागले. ते सावकाश उठले, त्यांनी माइक घेतला. "बंधूंनो, जो प्राणी कोट्यवधी वर्षांत भंडारा जिल्ह्यात आला नाही, तो माझ्या कार्यकाळात आला!"

टाळ्यांचा कडकडाट. तो ओसरायच्या आत मावशीनं माइक परत घेतला, "अन् त्याच्यासाठी साहेबांनी आत्ताच बागेतले दिवे मंजूर केले!" त्याहून मोठ्या टाळ्या पडल्या. साहेबांना हात जोडावेच लागले.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का?" मी सरड्याचे फोटो दाखवले. माइकवरच्या मावशीच्या हाताचा फोटो काढायचा राहून गेला होता, आणि मला आठवत होता तोच.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला. "दिवे लागले वं. सगळे साहेबाच्या नावाच्या पाटीकडे तोंड करून. सरडा अंधारातच."

"मग गं?"

"मंग काय? शिडी लावली, अन् फिरवले."