काळं झबलं

पनवेलच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात पुतळ्यांना साड्या नेसवण्यात भामाचं अर्धं आयुष्य गेलं. जिवंत बायकांना निऱ्या धड जमत नाहीत, पण भामाच्या हातचे पुतळे लग्नाला निघाल्यासारखे दिसत. म्हणून मालक शैलेशशेठनी जुने पुतळे सिनेमावाल्यांना भाड्याने दिले, तेव्हा सोबत भामालाही धाडलं.

जासईच्या अलीकडे, कंटेनरच्या थप्प्यांमागे, त्या लोकांनी एक घर उभं केलं होतं. ओटा, देव्हारा, मांडणीवर भांडी, सगळं जिथल्या तिथे. दिग्दर्शिका प्रांजलने समजावलं, की अणुबॉम्बने घरादाराचं काय होतं हे बघायला परदेशात पूर्वी अशीच खोटी घरं बांधत, आत पुतळे बसवत आणि मग स्फोट करत. भामाला एवढंच कळलं, की हे घर जाळायला बांधलंय. तिच्या बेलपाड्यात माणसं घरासाठी हाडाची काडं करतात आणि इथे ही तऱ्हा!

"आई, बाप आणि लेकरू. कोणाला पांढरं, कोणाला काळं, ते उद्या तुम्हीच ठरवा, मावशी," प्रांजल म्हणाली.

त्यात ठरवायचं काय? वाईट टाळायचं तर लेकराला काळं घालावं, हे शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी भामाने नात समृद्धीचं पहिल्या संक्रांतीचं काळं झबलं घरून आणलं, लहान पुतळ्याला चढवलं, वर गालाला तीट लावली. आईबापांना पांढरं.

जेवताना प्रांजल सहज म्हणाली, "पांढरं उष्णता परतवतं, काळं शोषून घेतं. म्हणजे खिडकीतून स्फोटाचा झोत आला की आधी लेकरू पेटेल. बघणाऱ्याच्या काळजात चर्र झालं पाहिजे."

चर्र झालं ते भामाच्या.

"मंग पोरीला कालं घालू कशाला दिलंस?"

"तुम्हीच घातलंत ना!"

"ते नजरंसाठी! आमी पोरांना कालंच घालतो. बदलू दे मना."

"आता नाय... नाही, मावशी. सगळा सीन त्यावरच आहे."

भामाचं डोकं चालेना. प्रांजल शिकलेली, ती खोटं कशाला सांगेल? पण सासूने सांगितलेलं, तिच्या सासूने तिला सांगितलेलं, तेही खोटं कसं असेल? समृद्धीला तर याच काळ्यानं आजवर राखलं.

निऱ्या नीट करते म्हणून ती आत गेली. आईचा पुतळा उचलून खिडकी आणि लेकरू यांच्यामध्ये ठेवला आणि पांढरा पदर लेकराच्या डोक्यावरून ओढून घेतला. प्रांजलने ते पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि मग कॅमेरावाल्याला म्हणाली, "राहू दे तसंच." पेटताना बघायला भामा थांबली नाही.

घरी सून मनिषाने समृद्धीला न्हाऊमाखू घालून गालावर ठसठशीत तीट लावली होती. भामाने पदराने ती खसाखसा पुसून टाकली. पोरीने भोकाड पसरलं.

"आई, काय झालं? पुसली कशाला?"

पोरीच्या उघड्या गालाकडे भामा बघत राहिली, आणि तेही तिला बघवेना. शेवटी तिने काजळाची डबी मागून घेतली आणि तीट पुन्हा लावली, कानामागे, ऊन पोचत नाही तिथे.