अंडेवाल्या भाऊंचे शॉक

"शॉक गेले गो वहिनी, काय करतलंय!" असं म्हणत आमचे अंडेवाले भाऊ दारात उभे राहायचे. तोंड अगदी पडलेलं आणि हातातल्या भांड्यात चार-पाच तडकलेली अंडी. "दुकानदार घेणत नाय. पोरांका घाल."

भाऊ भांडुपला आमच्याच चाळीत, तळमजल्यावर राहायचे. लहानशा मोटरसायकलवर मागे अंड्यांचे ट्रे बांधून ते दुकानांत माल टाकत फिरायचे. रस्ते चढाचे, वर खड्डे, आणि गाडीचे शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, गेलेले. अंडी फुटणारच!

मी पहिल्यापासून फटकळ. त्यात यांची कंपनी बंद पडलेली, पदरी दोन पोरं. तरी कुणी वाटीभर साखर दिली तर मी परत पाठवायचे. फुकटचं नको म्हणजे नको. पण फुटक्या अंड्याला फुकटचं कोण म्हणेल, तुम्हीच सांगा.

एकदा मीच वैतागले. "अहो भाऊ, मग बदला ना ते शॉक! गेलेत हे कळतं तरी कसं?"

त्यांनी मला खाली नेऊन हौसेने शिकवलं. सीट दोन्ही हातांनी दाबायची आणि सोडायची. गाडी एकदा वर येऊन गप राहिली, तर झकास. डुलत राहिली, तर वाट लागली समजायचं. त्यांची गाडी तेव्हा पाळण्यासारखी डुलली.

काही दिवसांनी मी पाणी भरायला उतरले तेव्हा गाडी उभी होती. सहज दाबून पाहिली. एकदा वर आली आणि गप! वाकून बघते तर मागचे दोन्ही शॉक नवेकोरे.

संध्याकाळी भाऊ भांडं घेऊन हजर. "शॉक गेले गो वहिनी!"

मी अंडी फिरवून पाहिली. सगळ्यांना एकाच जागी, चमच्याने हलकेच मारल्यासारखी चीर. माझे कान तापले. भांडं परत देणार, एवढ्यात आतून धाकटी ओरडली, "आई, आज पण काकांची गाडी उडाली का गं?"

"हो गं, उडाली," मी म्हटलं. मग भाऊंना म्हटलं, "जरा सावकाश चालवा."

"चालवतंय गो," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले.

यांना नोकरी लागली, तसे भाऊंचे शॉकही सुधारले.

मागच्या महिन्यात भाऊ वारले. काल त्यांचा मुलगा गाडी विकायला गिऱ्हाईक घेऊन आला होता. बिचारा सरळ मनाने सांगत होता, "शॉक तेवढे बदलावे लागतील हं. बाबांची अंडी फार फुटायची."

मला राहवेना. तशीच अनवाणी खाली धावले, सीटवर सगळा भार टाकला आणि हात काढले. गाडी एकदा वर आली आणि गप राहिली.

"शॉक ठणठणीत आहेत रे," मी म्हटलं. "तुझे बाबा खोटं बोलायचे."

"कुणाशी?"

"माझ्याशी. माझी पोरं जेवावीत म्हणून."