पारसमलजींचे फोटो, पारसमलजींचेच

शहाद्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा ओळखपत्राच्या फोटोसाठी पारसमलजींच्या स्टुडिओत गेले होते. "हनुवटी जरा खाली घ्या, मॅडम," एवढेच ते बोलले. पुढे कॅमेरा मी त्यांच्याकडेच शिकले. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले, तर आधी आठवते ती गेल्या तीन वर्षांची दमछाक.

सातपुड्यातले बाजार, लग्ने, होळ्या पारसमलजींनी उमेदीची सारी वर्षे टिपल्या. ते फोटो कुणालाही विनामूल्य वापरता यावेत, म्हणून त्यांनी ते इंटरनेटवरच्या एका मुक्त संग्रहाला दिले. निगेटिव्ह स्कॅन करून आम्ही दोघांनीच ते चढवले. काही महिन्यांनी सूचना आली: हे फोटो पूर्वी इतरत्र छापले गेले आहेत, ते तुमचेच असल्याचा पुरावा द्या. वर्तमानपत्रांनी ते नाव न देता छापले होते, त्याला पारसमलजी काय करणार? आम्ही निगेटिव्हचे फोटो पाठवले, सहीचे पत्र पाठवले. पत्र ठरलेल्या नमुन्यात नाही, असे उत्तर आले. दुसरे पत्र पोहोचण्याआधीच सगळे फोटो काढून टाकले गेले.

पारसमलजी चिडले नाहीत. "नियम त्यासना बरोबर शे," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "मीबी कोनना फोटो इचाराबिगर लेत नही. पन हाऊ फोटो मन्हाच शे, हाई आते कोनले सांगू?"

त्याच आठवड्यात धडगावहून अंगणवाडी सेविका मोगीताईंचा पारसमलजींना फोन आला. त्यांच्या दिवंगत आईचा एकमेव फोटो त्या संग्रहात होता. "सर, आई आता फोनमध्ये दिसत नाही. आमचं काही चुकलं का?"

दुसऱ्या दिवशी पारसमलजींनी त्या फोटोची मोठी प्रत काढली. गुडघे दुखत असतानाही ते जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट चढले. मी सोबत होते. प्रत हातात घेऊन मोगीताईंनी ती पदराने पुसली. मग म्हणाल्या, "हा तरी कोणी काढून नेणार नाही ना?"

पारसमलजींनी माझ्याकडून पेन घेतले आणि प्रतीच्या मागे लिहिले: 'फोटो पारसमल यांनी काढला. कुणीही वापरावा.' स्वतःच्या फोटोवर त्यांनी नाव घातलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

फोटो संग्रहात परत यावेत म्हणून तिसरा अर्ज आता नमुन्याबरहुकूम गेला आहे. उत्तर अजून नाही. पारसमलजींना निरोगी शतायुष्य लाभो. आणि पुढचे अर्ज आम्हा शिष्यांवर सोपवून त्यांनी आता थोडे टेकावे, एवढी विनंती.