हंड्यावरची चूक

महाडच्या बाजारपेठेत तांबटाच्या ओट्यावर बसून मुरारी गोवेकर भांड्यांवर नावं घालायचा. बोटाएवढी छिन्नी, लहानशी हातोडी. टिपटिप ठिपके पडत जायचे आणि त्या ठिपक्यांतून कुणाचं तरी नाव, गाव, लग्नाची तारीख उमटायची. दासगावपासून कशेडीच्या पायथ्यापर्यंत किती घरांच्या मांडणीवर त्याचं अक्षर होतं, त्याची मोजदाद नव्हती. स्वतःचं नाव मात्र त्यानं आपणहून कुठं घातलं नाही. दुसऱ्याच्या भांड्यावर आपलं नाव कोण घालतो?

त्याची बायको आवडी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली. नवरा गोव्याचा आहे हे तिला लग्नात कळलं होतं, आणि पुढे तिनं ते विसरूनही टाकलं होतं. चौतीस साली, ऐन विशीत तो पेडण्याहून महाडला आला तो इथलाच झाला. बोलणंही इथलंच. कालवणात खोबरं कमी पडलं की तेवढ्यापुरता तो गोवेकर व्हायचा, एवढंच.

अठ्ठावन्न साली त्याची आई पेडण्यात अंथरुणाला खिळली. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. हद्द ओलांडायला परवाना लागे, परवान्याला वेळ लागे, आणि म्हातारीकडे तेवढा वेळ नव्हता. मुरारी रानातून गेला. आईला अग्नी देऊन परतताना हद्दीच्या अलीकडे पकडला गेला, आणि पिशवीत फेणीची बाटली सापडली. गुडघ्याला चोळायला आणली होती, असं तो म्हणाला. ते फौजदारानं मानलं नाही. खरं सांगायचं तर आवडीनंही मानलं नाही. गाव कुठलं असं विचारल्यावर, आपल्याकडचा कुणीही माणूस सांगतो तसं त्यानं मूळ गाव सांगितलं. पेडणे. तेच कागदावर चढलं.

परवान्यावाचून हद्द ओलांडली आणि दारूबंदी मोडली, असे दोन गुन्हे. तीन महिन्यांची शिक्षा झाली. आवडीनं लोकांच्या भाताच्या लावणीला जाऊन घर चालवलं आणि तो सुटून आला तेव्हा त्याला एक शब्द विचारला नाही. झालं गेलं संपलं असं तिनं धरलं होतं. पण पुढल्या वर्षी नोटीस आली. गुन्ह्यात शिक्षा झालेला परका माणूस म्हणून मुरारीनं तीस दिवसांत देश सोडून गोव्यात जावं.

गोव्यात त्याचं आता कुणी नव्हतं. दोन मुली महाडच्या शाळेत होत्या. आवडीनं तर महाड-पोलादपूरपलीकडचं जग पाहिलं नव्हतं.

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे कुशाबा म्हणून गृहस्थ होते. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "घटना लागू झाली त्याच्या आधी पाच वर्षं हा इथंच राहत होता असं दाखवा, म्हणजे हा परका नव्हे. पंचेचाळीसच्या जानेवारीआधीचं काहीतरी आणा. लिहिलेलं हवं. तोंडी सांगणारे शंभर मिळतात."

लिहिलेलं काय होतं? लग्न सेहेचाळीसचं. खोलीचं भाडं हातोहात दिलेलं. ज्या तांबटानं त्याला ओट्यावर बसवलं तो वारला होता, आणि दुकानातले जुने कागद सावित्रीच्या पुरात भिजून लगदा झाले होते. आठ दिवस नवरा-बायकोंनी पेट्या, फळ्या, देव्हारा उपसला. नवव्या दिवशी मुरारी म्हणाला, आयुष्यभर लोकांची नावं घातली, आपलं कुठं म्हणून नाही.

"एका हंड्यावर हाय," आवडी म्हणाली.

मुरारीनं मान खाली घातली. त्या हंड्याचं नाव त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

पोलादपूरच्या हैबतींनी चव्वेचाळीसच्या वैशाखात धाकट्या सुनेसाठी, बयाबाईसाठी, तांब्याचा हंडा घेतला होता. आदल्याच वर्षी त्या घरच्या थोरल्या सुनेचं, साळूबाईचं नाव मुरारीनं चार भांड्यांवर घातलेलं. हाताला सवय झालेली. हंड्यावरही साळूबाईच पडली. थोरलीनं हंडा आपला म्हणून उचलला. हैबती महाडला आले, मुरारीला बखोटीला धरून पोलादपूरला नेलं आणि अंगणात बसवून नावाखाली घालायला लावलं: वरील नाव चुकून पडले. हंडा बयाबाईचा. मुरारी गोवेकर, महाड, ता. १२ मे १९४४.

हैबती गेले, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, पण हंड्याचं भांडण पंधरा वर्षं जिवंत होतं. एक म्हणायची वरचं नाव खरं, दुसरी म्हणायची खालचं.

आवडी एसटीनं पोलादपूरला गेली. बयाबाई चुलीपुढे होती. हंडा कोपऱ्यात होता, अक्षरं भिंतीकडे. सगळं ऐकून घेऊन बयाबाई म्हणाली, "तुज्या नवऱ्यानं माज्या घरात आग लावली गो. आनि आता तूच पानी मागाया आलीस?"

आवडीनं वाद घातला नाही. हंडा नको, फक्त साहेबाला वाचायला द्या, म्हणाली.

बयाबाई थोडा वेळ लाकडं पुढे सारत राहिली. "सायेब मोठ्यानं वाचंल?"

"वाचंल की."

"लिवून घेईल?"

"लिवूनच घेतात त्ये."

बयाबाई उठली आणि तिनं हंड्यातलं पाणी परसात ओतून टाकलं.

भिंतीपलीकडे साळूबाईला सगळं ऐकू गेलं होतं. हंडा कचेरीत जाणार असेल तर मीही येणार, असा तिनं निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी एसटीत एक जाऊ पुढच्या बाकावर, एक मागच्या, आणि मध्ये आवडी मांडीवर हंडा घेऊन. कंडक्टरनं हंड्याचं तिकीट कोण काढणार असं विचारलं, तेव्हा दोघींनी एकदम पैसे पुढे केले.

मामलेदारांनी हंडा टेबलावर ठेवून घेतला आणि ओल खाल्लेली अक्षरं चिंच लावून घासायला सांगितली. मग मोठ्यानं वाचलं. बयाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि जावेकडे पाहिलं. साळूबाई पुढे सरकली. खालचं सगळं सासऱ्यानं धाकानं घालून घेतलं, वरचं नाव आपलं, हे तिनं साहेबांना समजावून सांगितलं. हंडा कुणाचा हे आपण बघत नाही, या माणसाला ती कधीपासून ओळखते तेवढं सांगावं, असं ते म्हणाले.

"वळखीन नाय तर काय? मामंजींनी ह्याला महाडातल्या ओट्यावरनं वढत आनला. मी भाकऱ्या भाजीत होते, सहदेव पोटात होता. त्याच्या आधीच्या साली माज्या चार भांड्यांवर नाव ह्यानंच घातलं. इचारा हिला."

साहेबांनी बयाबाईकडे पाहिलं.

"एवढं तिचं खरं हाय," बयाबाई म्हणाली.

कारकुनानं तेही लिहून घेतलं. एकाही गोष्टीत एकमत नसलेल्या दोन बायका या एका गोष्टीत एक झाल्या होत्या, आणि दोघींपैकी कुणाचंही मुरारीवर प्रेम नव्हतं. याहून चांगली साक्ष आपण आयुष्यात ऐकली नाही, असं अर्ज घेऊन हजर असलेले कुशाबा पुढे सांगत असत.

कागद अलिबागला गेले. हंडा लाखेचं सील लावून कचेरीतच राहिला. आवडी रोज एक दिवस वजा करत होती. मुरारी ताटात पडेल ते गुमान खात होता. मुदतीला दोन दिवस उरले असताना शिपाई आला. शिक्षा झाली ती झालीच. पण माणूस परका नाही, नोटीस रद्द.

आवडी उंबऱ्यातच बसली. आत मुली हसत होत्या.

हंडा तिनं स्वतः पोलादपूरला पोचवला. सरकारी लाख काढू का असं विचारलं तर बयाबाईनं हात लावू दिला नाही. भिंतीपलीकडून साळूबाईनं विचारलं की, साहेबानं आपलं नाव कागदावर कितव्या ओळीत घातलं.

त्या संध्याकाळी आवडीनं बांगड्यांचं कालवण केलं. मुरारीनं पहिला घास घेतला, थांबला, म्हणाला, "खोबरं कमी पडलंय."

आवडीनं पळी खाली ठेवली. सुटून आला त्या दिवसापासून तिनं त्याला दुखावेल असा एक शब्द काढला नव्हता. आणि नोटीस आल्यावर तर, जाणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? आता तो कुठं जात नव्हता. ती बाटलीपासून सुरुवात करून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून पेडण्यावर, आणि चव्वेचाळीसच्या हंड्यापर्यंत मागे गेली. मुरारी जेवत होता. मध्येच त्यानं ताट पुढे केलं, आणि बोलणं न थांबवता तिनं भात वाढला.