काचेवरची बोटं
माझे वडील फोटोग्राफर. जगाशी गोड, घरात तिरसट. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग ते निगेटिव्हवरच पेन्सिलीने बेमालूम बुजवायचे. आता त्या तळहाताएवढ्या निगेटिव्ह मी स्कॅन करते आणि ते मागे बसून खेकसतात, "काचेवर बोटं उमटवू नकोस."

आज आईचा फोटो लावला. स्कॅनरपुढे काही लपत नाही. तिच्या गालावर पेन्सिलीच्या रेघाच रेघा होत्या. आईच्या गालावर तर कधीच डाग नव्हता.

"पुसू नकोस ते," बाबा म्हणाले. "माझी कारागिरी आहे."

मी कापसाला टर्पेंटाइन लावलं, रेघा पुसल्या आणि निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केली. पडद्यावर आईच्या गालावर चार बोटं उमटली.

"काच तर स्वच्छ आहे, बाबा," मी म्हणाले. "मग ही बोटं कुणाची?"