ओसिएलचा तुटणारा आवाज

ओसिएल पुन्हा अडखळायला लागला होता, आणि या वेळी ते जन्माचं असेल, ही धास्ती नेरेइदाच्या मनातून काही केल्या जात नव्हती. भाजी चिरताना, अंगण झाडताना, चर्चमध्ये गुडघे टेकतानासुद्धा तिचे कान घराच्या मागच्या खोलीकडेच लागलेले असायचे.

पाच वर्षांचा असताना त्याला स्वतःचं नाव सांगता येत नसे. "ओ... ओ..." करत मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग नेरेइदाच म्हणायची, "ओसिएल. माझा मुलगा." ती स्वतः शाळेत जीवशास्त्र शिकवायची, वर्गात बोलणाऱ्या पोरांना गप्प करायची, आणि घरच्या पोराला बोलतं करणं मात्र तिला जमलं नाही. पाववाल्याकडे तीच बोलायची, डॉक्टरकडेही तीच. त्याच्या तोंडातला शब्द बाहेर पडण्याआधीच ती तो पुरा करून टाकायची. अंडी विकणारी म्हातारी एकदा टोमणा मारून गेली होती, "बाई, पोराला तोंड आहे की तुम्ही तेही सांभाळायला ठेवून घेतलंय?"

शाळेत कोणी हसलं की नेरेइदा त्याची समजूत घालायची. मास्तरांना कमी ऐकू येतं. मुलं अडाणी आहेत. वर्ग मोठा आहे, आवाज पोहोचत नाही. तुझा दोष नाही, बाळा. त्याचा दोष कधीच नसायचा; तिने दुसरं काही त्याला सांगितलंच नाही.

मग मोठेपणी एक नवल घडलं. इंग्रजी तो वाचून वाचून शिकला होता, आणि कोणाचं तरी वाक्य या भाषेतून त्या भाषेत न्यायचं म्हटलं, की त्याची जीभ लोण्यासारखी चालायची. स्वतःचं बोलायचं झालं की खडे; दुसऱ्याचं बोलायचं झालं की वाहतं पाणी. उत्तरेकडच्या शेजारी देशातल्या इस्पितळांना इंटरनेटच्या फोनवरून दुभाषी पुरवणारी एक कंपनी होती. तिथे त्याला काम मिळालं. ओआहाका शहरातल्या या घराच्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, तो दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत बसायचा. तिकडचा डॉक्टर काही म्हणे, ओसिएल ते कुणा घाबरलेल्या आजीला स्पॅनिशमध्ये सांगे. आजी काही म्हणे, तो डॉक्टरला इंग्रजीत सांगे. पहिल्याच महिन्यात एका बाईचं बाळंतपण त्याने सलग चार तास फोनवर निभावलं. बाहेर आला, दोन ताटल्या काळे घेवडे खाल्ले आणि एका दमात म्हणाला, "आई, मुलगी झाली. साडेतीन किलोची." नेरेइदाने तोंड फिरवून उगाचच नळ सोडला होता.

दोन वर्षं सुरळीत गेली. हळूहळू तो पाववाल्याशीही बोलायला लागला.

आणि आठ दिवसांपूर्वी इंटरनेटवाल्यांनी ओसरीत खिळ्याला लटकवलेला जुना काळा राउटर काढून नेला आणि नवा दिला. पांढराशुभ्र, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. पाचपट वेग, म्हणाले. त्या दिवसापासून ओसिएलचा आवाज तुटायला लागला. दुसऱ्याच दिवशी एका डॉक्टरने दुसरा दुभाषी मागून घेतला. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं: दुभाषी अडखळतो, शब्द तुटतात, रुग्ण गोंधळतात. अजून एक तक्रार आली तर काम बंद.

अडखळतो. तो शब्द त्याने पुन्हा पुन्हा वाचला.

"अरे, लाइनचा दोष असेल," नेरेइदा म्हणाली. "तुझा दोष नाही, बाळा."

त्याने सगळं करून पाहिलं. राउटर बंद करून चालू केला. शेजारी कोणी फुकट वापरत असेल म्हणून पासवर्ड बदलला. रोज सकाळी दिवाणखान्यात राउटरसमोर उभा राहून मोबाइलवर वेग मोजला. आकडा दर वेळी भरभक्कम. सहाव्या दिवशी त्याने फोन खिशात टाकला. "लाइन उत्तम आहे, आई. बि... बि... बिघाड माझ्यात आहे."

घरातसुद्धा तो अडखळत होता आता. 

आज सकाळी तो एत्ला गावाला गेला, त्याचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता तिबुर्सिओ यांच्याकडे. त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यांवर माणूस हवा होता. जाताना चिठ्ठी ठेवून गेला: 'कोंबड्यांशी बोलावं लागत नाही. तीनच्या आत राजीनामा पाठवतो.' ती चिठ्ठी वाचून नेरेइदाने त्याला न विचारता इंटरनेटच्या दुरुस्तीवाल्यांना फोन केला होता.

दीडच्या सुमाराला दार वाजलं. जेवण आटोपून, देवघराचं दार लावून नेरेइदा नुकतीच बसली होती. बाहेर कमरेला अवजारांचा पट्टा बांधलेली एक धिप्पाड तरुणी उभी होती.

"बाई! ओळखलं नाहीत ना? यादिरा. मागचा बाक. तुम्ही मला बेडकाच्या हृदयावर नापास केलं होतं."

"तिनाऐवजी चार कप्पे आहेत म्हणून लिहिलं होतंस तू."

"अजून लक्षात आहे! आणि बेडूक त्याशिवाय मजेत जगतोय बघा." ती आत शिरली आणि तोंडाचा पट्टा चालूच राहिला: उन्हाबद्दल, पायऱ्यांबद्दल, आपल्या सासूबद्दल. ओसिएलच्या खोलीत जाऊन तिने मोबाइल काढला, आणि सासू अर्ध्यावरच सोडली. "बाई, इथे वेग रांगतोय. राउटर कुठे ठेवलाय?"

नेरेइदा तिला दिवाणखान्यात घेऊन गेली. कोपऱ्यात हुकिला या तीर्थगावच्या मातेचं पत्र्याचं देवघर होतं, छोट्या कपाटाएवढं. नेरेइदाच्या नवऱ्याने, फिदेन्सिओने, ते घडवलं होतं. तो पत्र्याचं काम करायचा. आयुष्यभर लोकांना आरशांच्या चौकटी आणि दिवे करून दिले, आणि मरायच्या आदल्या वर्षी हे. नक्षी ठोकलेली दारं, आतून सगळीकडे आरशांचे तुकडे. या घरात कोणतीही नवी वस्तू आली की नऊ दिवस मातेपाशी राहायची. शिवणयंत्र राहिलं होतं, मिक्सर राहिला होता, ओसिएलच्या पदवीचा कागद राहिला होता. देवघराच्या दिव्यांचा प्लगही तिथेच होता. नेरेइदाने पत्र्याची दारं उघडली. मातेच्या पाठीमागे पांढरा राउटर मिणमिणत होता.

यादिराच्या हातातला आकडा टुणकन वर गेला.

"थांबा. लावा बरं दार." आकडा आपटला. "उघडा." पुन्हा वर. "बाई, पत्रा आणि त्यावर आरसे! भिंत परवडली यापेक्षा. तुमच्या मातेने सगळं इंटरनेट एकटीनेच ठेवून घेतलंय. हे दार कधी बंद असतं?"

"दुपारच्या जेवणानंतर लावते. रस्त्याची धूळ येते म्हणून. सकाळी प्रार्थनेला उघडते."

हे बोलता बोलताच तिचा हात दारावर थबकला. ओसिएल वेग मोजायचा सकाळी. कामाला बसायचा तीनला.

"झालं तर मग, सापडलं," यादिरा म्हणाली. "राउटर ओसरीतल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवू."

"नाही. आधी मला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय? आकडा दिसला की."

"मला आकडा नको, यादिरा. आवाज ऐकव. दार लावते. तू त्याच्या खोलीतून मला इंटरनेटवरून फोन कर, मी अंगणात जाते. बोलत राहा."

"काय बोलू?"

"तुला विचारावं लागतंय होय?"

अंगणात धुण्याच्या दगडापाशी उभं राहून नेरेइदाने फोन कानाला लावला. यादिराने सासूचीच गोष्ट सुरू केली असणार. कानात आलं ते असं: "सा... सा... म्हण... तू... को..." मग दीर्घ शांतता. मग पुन्हा, "...कों... कों... कोंब..." जी मुलगी श्वास न घेता बोलते, तिचा शब्द घशात अडकल्यासारखा, तोच तोच पहिला तुकडा पुन्हा पुन्हा आपटत. हुबेहूब. वीस वर्षं ऐकलेलं हुबेहूब ते. नेरेइदाने फोन कानाला आणखी घट्ट लावला.

तिकडे कुठल्याशा शहरात खाटेवर पडलेल्या आजीने आठ दिवस हेच ऐकलं होतं. आणि ओसिएलने "पुन्हा सांगा, दुभाषी, तुमचं कळत नाही" हे ऐकलं होतं, रोज, आणि पुन्हा सांगताना त्याची जीभ भीतीने खरोखरच जड झाली होती.

यादिरा बाहेर आली. "ऐकलंत? आता दार उघडून करून दाखवते."

दार उघडल्यावर सासू, तिने मारलेली कोंबडी आणि त्यावरून झालेलं भांडण, सगळं स्वच्छ ऐकू आलं. नेरेइदा हसली नाही.

यादिराने राउटर पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, वायर खिळ्यांनी भिंतीला बसवली, मागच्या खोलीत तीनदा वेग मोजला. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"मेसेज टाका ना त्याला," ती अवजारं आवरत म्हणाली.

नेरेइदाने लिहायला घेतलं: 'लाइनचाच दोष होता, बाळा.' लिहिलं आणि बघत राहिली. हेच वाक्य पहिल्या दिवशी काही माहीत नसताना तिने त्याला ऐकवलं होतं. मास्तर बहिरे होते तेव्हाही हाच सूर होता. तो हे वाचेल, मान हलवेल, आई समजूत घालतेय म्हणेल आणि राजीनामा पाठवेल. तिने ते पुसलं.

"मी सांगू का त्याला?" यादिरा म्हणाली. "माझं ऐकेल तो. मी इंटरनेट कंपनीची माणूस. द्या फोन."

किती सोपं होतं ते. नेरेइदाने फोन जवळजवळ पुढे केलाच होता.

"नको," ती म्हणाली. "कागदावर लिहून दे तेवढं, काय बिघडलं होतं ते, तारीख घालून. दुभाष्यांच्या कंपनीला ते पाठवायचं की नाही ते तो बघेल."

मेसेज नाही, फोनच करायचा. घंटा वाजली की तो घाबरेल, कदाचित उचलणारही नाही. मग पुन्हा करायचा. समजुतीचा एक शब्द काढायचा नाही. दार मी लावत होते, रोज दुपारी, माझ्या हाताने, एवढंच आधी सांगायचं. आणि मग त्याला बोलायला जितका वेळ लागेल तितका लागू द्यायचा. शब्द कितीही अडला तरी आपण पुरा करायचा नाही, ओठ चावून गप्प बसायचं.

तिबुर्सिओंचा नंबर ओलांडून तिने ओसिएलचा काढला आणि बटण दाबलं.